एक घास कमी, एक डाव जास्त

मैत्रिणींनो, दुसऱ्यांच्या मुलांबद्दल बोलायची वेळ आली की आपल्याला किती सुचतं, नाही? माझं तर ते कामच आहे. आठवड्यातले तीन दिवस, अर्धा वेळ, मी इथे साताऱ्यात एका प्राथमिक शाळेत शिकवते. ‘डब्यात वेफर्स देऊ नका’, ‘संध्याकाळी मुलांना खेळायला सोडा’ ही वाक्यं पालकसभेत मी इतक्या वेळा म्हटली आहेत की ती आता पाढ्यांसारखी पाठ झाली आहेत. त्याच मला एका दुपारी डॉक्टरांसमोर मान खाली घालावी लागली. ती हकीगत आज सांगते.

गेल्या वर्षी जुलै महिन्यात शाळेत आरोग्य तपासणी होती. डॉक्टर एकेका मुलाची उंची आणि वजन सांगत होते आणि मी वहीत लिहून घेत होते. तिसरीची रांग आली. त्या रांगेत माझा धाकटा होता. उंची 130 सेंटिमीटर, वजन 36 किलो. आकडे लिहिताना माझा हात जरा अडखळला. डॉक्टर म्हणाले, “बाई, उंचीच्या मानानं वजन बरंच पुढे गेलंय.” मग त्याच्याकडे वळून त्यांनी सहज विचारलं, “काय रे, खेळतोस कधी?”

मी मनातल्या मनात त्याचा दिवस उलगडून पाहिला. शाळा, शाळेनंतर इंग्रजीचा क्लास, घरी आल्यावर दूध-बिस्किटं, गृहपाठ, मग जेवणापर्यंत टीव्ही नाहीतर मोबाइल. खेळ कुठेच नव्हता. पण उत्तर त्यानंच दिलं, “मी स्कोअर लिहितो.”

मी आजवर शेजारणीला कौतुकानं सांगत असे, की ह्याचं अक्षर वळणदार म्हणून ह्याला गुण लिहायला बसवतात! खरी गोष्ट त्या दिवशी कळली. पळताना तो मागे पडतो म्हणून त्याला कुणी आपल्या बाजूला घेत नसे. शेवटी त्यानं स्वतःच वही-पेन्सिल हातात घेतली होती. वर्गात ‘ढब्बू’ हे नावही पडलं होतं. आणि खरं सांगू? ते नाव शाळेत जन्मलेलंच नव्हतं. घरी आम्हीच लाडानं तसं म्हणत होतो.

माझी पहिली चूक

घरी आले ती मोहीमच काढली. बिस्किटांचे डबे माळ्यावर टाकले. त्याला दोनच पोळ्या, भात बंद, तूप बंद. दर रविवारी वजनकाट्यावर उभं करायचं. त्याच पंगतीला त्याची थोरली बहीण, वय वर्षं तेरा आणि अंगानं काडी, तूप-गुळाची पोळी खात बसलेली. सासूबाई एकदाच म्हणाल्या, “लेकराच्या तोंडचे घास मोजू नयेत गं.” मला राग आला. वाटलं, ह्यांच्या लाडानंच हे झालंय.

महिनाभरानं गादी उन्हात टाकायला उचलली, तर खाली बिस्किटांचे सहा रिकामे पुडे. मी ओरडणार होते. पण त्याचा चेहरा पाहून शब्द घशातच राहिले. तो म्हणाला, “सगळ्यांसमोर खाल्लं की सगळे माझ्या ताटाकडे बघतात.”

मैत्रिणींनो, नऊ वर्षांचं पोर घरात चोरून खायला शिकलं होतं आणि शिकवणारी मी होते. सासूबाई चुकल्या नव्हत्या.

पुन्हा त्याच डॉक्टरांकडे गेले. त्यांनी शांतपणे समजावलं, की वाढत्या मुलाला उपाशी ठेवून वजन उतरवायचं नसतं. वजन साधारण आहे तिथे राहू द्यायचं, उंची वाढली की ती वजनाला गाठते. आणि बदलायचं ते मुलाला नाही, घराला. ज्या घरात चौघं एक खातात आणि पाचव्याला वेगळं ताट येतं, त्या घरात सवय लागत नाही, शिक्षा लागते. त्यानंतरच्या वर्षभरात आम्ही काय केलं ते आता सांगते. ह्यात खर्चिक काहीच नाही.

वाढायचं आपण, थांबायचं त्यानं

काय शिजवायचं, कधी जेवायचं आणि कुठे बसून जेवायचं, हे आपण ठरवायचं. किती खायचं ते मुलानं ठरवायचं. ऐकायला सोपं आहे, पण आपल्या हाताला फार जड जातं. ‘अजून एक घास, चिऊचा, काऊचा’ म्हणत आपण मुलाचं पोट भरल्यानंतरही वाढत राहतो. तान्हं बाळ पोट भरलं की तोंड फिरवतं. ही उपजत समज आपणच आग्रह करकरून घालवतो, आणि पुढे तेच मूल जाड झालं की ‘कळत नाही का किती खावं?’ म्हणून रागावतो!

आम्ही नियम केला. पहिल्यांदा सगळं थोडं थोडं वाढायचं. हवं असेल तर त्यानं मागून घ्यायचं. ‘ताट स्वच्छ कर’ असं म्हणायचं नाही. वाया जाऊ नये म्हणून आधीच कमी वाढायचं. जेवताना टीव्ही आणि मोबाइल बंद, मोठ्यांचासुद्धा. लक्ष पडद्याकडे असलं की पोट भरल्याचं कळतच नाही.

भाजीचं म्हणाल, तर धीर धरा. मुलानं दोनदा दुधी नाकारला की आपण ‘त्याला दुधी आवडत नाही’ असा शिक्का मारून मोकळ्या होतो. नवी चव मुलाच्या ओळखीची व्हायला ती आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही समोर यावी लागते. चमचाभर वाढा, आग्रह करू नका, आपण चवीनं खा. आमच्याकडे पडवळाला पाच महिने लागले. दुधी अजून वाट पाहतो आहे.

आणि एक. ‘भाजी संपव, मग चॉकलेट देते’ हे वाक्य जिभेवरून पुसून टाका. त्यातून मूल एवढंच शिकतं, की भाजी ही शिक्षा आणि चॉकलेट हे बक्षीस.

हे सगळं अंगानं भरलेल्या मुलांसाठीच आहे असं मात्र समजू नका. ‘माझं काहीच खात नाही हो’ म्हणून ताटली घेऊन मुलामागे धावणाऱ्या आईलाही हेच लागू आहे. दोन जेवणांच्या मध्ये दूध, बिस्किट, चिवडा असं सतत काहीतरी तोंडात असेल, तर जेवायला भूक कुठून येणार? मूल खरंच अशक्त वाटत असेल, तर डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्या आणि जंतांचं औषध झालं आहे का ते पाहा. शाळा-अंगणवाड्यांतून 1 ते 19 वर्षांच्या मुलांना जंतांची गोळी देण्याची मोहीम 2015 पासून सुरू आहे. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका.

डब्याचं वेळापत्रक

सकाळच्या घाईत सुचत नाही, आणि सुचलं नाही की हात नूडल्सच्या पाकिटाकडे जातो. म्हणून मी फडताळाच्या दाराला आतून कागदच चिकटवला आहे. तुमच्या सोयीसाठी देते.

सोमवार : भाजणीचं थालीपीठ आणि लोणी.
मंगळवार : मेथीचा किंवा पालकाचा पराठा, शेंगदाण्याची चटणी.
बुधवार : मोड आलेल्या मुगाची उसळ, पोळी, लिंबाची फोड.
गुरुवार : नाचणीचं घावन, ओल्या खोबऱ्याची चटणी.
शुक्रवार : मटार-गाजर घालून पोहे, वर मूठभर शेंगदाणे.
शनिवार, सकाळची शाळा : उकडलेलं अंडं आणि पोळीची गुंडाळी. अंडं चालत नसेल तर पनीर.

छोट्या सुट्टीच्या डबीत पेरू, केळं, काकडी, चणे-फुटाणे किंवा राजगिऱ्याचा लाडू. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर त्याला अख्खे शेंगदाणे-फुटाणे देऊ नका. ते घशात अडकतात. कूट करून द्या.

लिंबाची फोड चवीपुरती नाही बरं का. कडधान्यातलं लोह अंगी लागायला लिंबू-आवळ्यातलं ‘क’ जीवनसत्त्व मदत करतं. उलट जेवणाबरोबरचा चहा लोहाच्या आड येतो. म्हणून मुलांना, आणि आपणही, जेवणाला लागून चहा नको. नाचणीचं तर काय सांगावं! 100 ग्रॅम नाचणीत साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. गव्हा-तांदळात त्याच्या जवळपासही नसतं. सासूबाईंना मी मुद्दाम विचारलं, “तुमच्या वेळी संध्याकाळी भूक लागली की काय खायचा?” त्या दिवसापासून आमच्याकडे हुलग्याची शेंगोळी, ज्वारीच्या लाह्या आणि गूळ-शेंगदाणे परत आले. आणि माझ्यावरचा त्यांचा रुसवाही गेला, हे वेगळं सांगायला नको.

जे दिसतं, ते पोटात जातं

माळ्यावरचे डबे मी खाली काढले, पण आता त्यात बिस्किटं भरत नाही. घरात जे आणायचं नाही ते दुकानातच सोडून यायचं. घरी आणून मग ‘हात लावू नको’ म्हणायचं, ह्याला काय अर्थ? ओट्यावर दिसेल अशी फळांची परडी ठेवली. त्याला भूक लागली की आपोआप हात तिकडे जातो.

गोड पेयांचा हिशेब मी मुलांबरोबर बसून केला. 250 मिलिलिटरच्या गोड शीतपेयाच्या बाटलीत साधारण 25 ग्रॅम साखर असते. मी पाच चमचे साखर वाटीत काढून दोघांसमोर ठेवली आणि विचारलं, “ही अशी खाल का?” थोरली म्हणाली, “ईऽऽ!” एवढं पुरे झालं. तहानेला पाणी, सरबत कधीमधी, आणि ताक रोज. दुधात घालायच्या पावडरींच्या डब्यावरचा बारीक मजकूरही वाचायची सवय लावून घ्या. घटकांची नावं वजनाच्या उतरत्या क्रमानं छापलेली असतात. साखर पहिल्या दोन-तीन नावांत असेल, तर काय विकत घेतो आहोत ते आपलं आपल्याला कळतं.

म्हणून सणावारी मन मारायचं असं नाही. आमच्याकडे हे दर शनिवारी येताना गरम वडे आणत. मुलांसाठी वेळ देता येत नाही, त्याची भरपाई म्हणा ना! आता वडे पंधरा दिवसांतून एकदा येतात, सगळे मिळून बसून खातो, आणि कुणी कुणाच्या ताटाकडे बघत नाही. पाहुणे कंदी पेढे घेऊन आले, तर तोही एक पेढा सगळ्यांसमोर खातो. तो सगळ्यांसमोर खातो, ह्याचाच मला आनंद आहे.

खेळाचा तास

जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 साली सांगितलं आहे, की 5 ते 17 वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी 60 मिनिटं दम लागेल अशी हालचाल करावी, आणि आठवड्यातून निदान तीन दिवस हाडं व स्नायू बळकट होतील असा व्यायाम त्यात असावा. घाबरू नका. हा तास सलग हवा असं नाही. शाळेत चालत जाणं, मधल्या सुट्टीतली धावपळ, संध्याकाळचा डाव, सगळं त्यात धरायचं. लंगडी आणि दोरीच्या उड्या तर हाडांसाठी फारच चांगल्या.

पण हा तास येणार कुठून? आधी दिवसात जागा करावी लागते. आम्ही इंग्रजीचा क्लास सोडला. मला ते सोपं गेलं नाही, मी स्वतः शिक्षिका! पण घरी रोज वीस मिनिटं मी त्याला वाचून घेते, आणि साडेपाच ते साडेसहा ही वेळ खाली खेळायची.

पहिले आठ दिवस तो जिन्यातच बसून राहिला. ‘मला घेत नाहीत.’ तेव्हा ज्यात पळण्याची शर्यत नाही असे खेळ आम्ही शोधले. लगोरीत नेम लागतो, आणि ह्याचा नेम चांगला निघाला. डबा ऐसपैसमध्ये डोकं लागतं. दोरीच्या उड्यांत स्पर्धा आपली आपल्याशीच. पहिल्या दिवशी सात उड्या, महिन्यानं चाळीस. गॅलरीत खुर्ची टाकून सासूबाई पंच झाल्या. भांडण झालं की निकाल वरून!

रविवारी सकाळी हे दोघांना घेऊन चार भिंतींपर्यंत चढून जातात. अजिंक्यताऱ्याच्या उतारावरची ती जागा सातारकरांच्या ओळखीची आहे. तुमच्या गावात टेकडी असेल, नदीचा घाट असेल, नाहीतर देवळापर्यंतचा रस्ता असेल. आठवड्यातून एक दिवस बाबांच्या वाट्याला जाऊ द्या. मुलाचं आरोग्य हे काही एकट्या आईचं खातं नाही.

इथे एक कबुली देते. परीक्षा जवळ आली की खेळाचा तास मागून घेऊन मी गणिताचा भाग पुरा केलेला आहे. एकदा नव्हे, कितीदा तरी. मुलं हिरमुसायची, मी म्हणायची, “अभ्यास महत्त्वाचा.” ज्या मुलाला घरी अंगण नाही आणि संध्याकाळी क्लास आहे, त्याचा दिवसातला एकमेव खेळ मी काढून घेत होते. आता घेत नाही. तुमच्या मुलांच्या शाळेत खेळाचा तास होतो का, हे पालकसभेत जरूर विचारा. आणि शाळेबाहेरच्या गाड्यांकडेही लक्ष ठेवा. फार चरबी, मीठ आणि साखर असलेले पदार्थ शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत विकू नयेत असा नियम 2020 साली झाला आहे.

थोरलीबद्दलही बोलायलाच हवं. ती काडी आहे म्हणून तिची काळजी नव्हती, ही माझी दुसरी चूक. पाळी सुरू झाल्यावर तिनं खेळायला जाणं हळूहळू सोडलं आणि आम्हाला ते लक्षातही आलं नाही. ‘आता मोठी झाली’ एवढंच वाटलं. तपासलं तर रक्त कमी. ह्याच वयात मुलींच्या अंगात लोह जास्त लागतं आणि ह्याच वयात आपण त्यांना खिडकीशी बसवतो. आता तीही खाली जाते. 2025 च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, आणि प्रियांका इंगळे हिच्या नेतृत्वाखाली आपल्या मुलींनी नेपाळला हरवून तो जिंकला. प्रियांका आपल्या महाराष्ट्राचीच. ही गोष्ट थोरलीला सांगितली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “आमच्या वेळी हा खेळ फुकट होता गं. कप असता तर आम्हीही नेला असता!”

आणि झोप. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला 9 ते 12 तास झोप हवी. उशिरा झोपलेलं मूल दुसऱ्या दिवशी चिडचिडं होतं, खेळत नाही आणि सारखं खायला मागतं. साडेनऊला आमच्याकडे सगळे मोबाइल बैठकीच्या खोलीतल्या कपाटात जातात.

आपलं ताट

सगळ्यात अवघड भाग शेवटी. एका संध्याकाळी दोरी हातात देत त्यानं विचारलं, “आई, तू कधी खेळतेस?” परत तोच प्रश्न, आणि परत मी गप्प.

मुलं आपलं ऐकत नाहीत, पण आपल्याकडे बघत असतात. सगळ्यांचं झाल्यावर ओट्याशी उभं राहून उरलेलं खायचं, दुपारी चहाबरोबर चार खारी, भाजी संपली म्हणून लोणच्याशी पोळी, हे सगळं ती बघतात. आईनं सगळ्यांबरोबर बसून, ताटात कोशिंबीर वाढून घेऊन जेवायचं असतं, हेही त्यांना दिसायला हवं. आता रात्री मी पंगतीला बसते. गरम पोळीचा हट्ट घरानं सोडला, आणि कुणाचंही काही बिघडलं नाही. दोरीच्या उड्या मी पहिल्या दिवशी अकरा मारल्या. मुलं पोट धरून हसली. हसू देत!

यंदाच्या जुलैत पुन्हा तपासणी झाली. उंची 136, वजन साडेसदतीस. डॉक्टर म्हणाले, “असंच चालू द्या.” वजन अजून थोडं पुढेच आहे, जादू काही झालेली नाही. घरात ‘ढब्बू’ हा शब्द मात्र कुणी उच्चारत नाही. वजनकाटा मी जावेला देऊन टाकला.

मागच्या शुक्रवारी चौथीचा खो-खो होता. माझा तास नव्हता म्हणून खिडकीतून पाहत उभी राहिले. तो रांगेत मधल्या चौकोनात बसला होता. पळण्यात तो अजूनही मागेच आहे, पण खो मिळाला की उठायला चुकत नाही. डाव संपल्यावर पाहिलं, तर गुणांची वही झाडाखाली एका मुलाच्या हातात होती. माझा धाकटा त्याच्यापाशी गेला, काहीतरी बोलला, आणि वही स्वतः घेऊन त्यानं त्या मुलाला मैदानाकडे पाठवलं.

संध्याकाळी विचारलं तर म्हणाला, “अगं, त्याला पण खेळायचं होतं. तो सांगत नव्हता, एवढंच.”

तुमच्या घरी काय चाललंय? मुलांच्या डब्याच्या, खेळाच्या तुमच्या युक्त्या मला जरूर कळवा. आणि दुधी मुलांच्या गळी उतरवायची एखादी हमखास तऱ्हा असेल, तर ती आधी कळवा!